तेल कुणाच्या हातून सांडतं?

ऑइल फिल्टर सैल करताना पहिल्या अर्ध्या फेऱ्यात काहीच होत नाही. मग रबरी रिंग जागा सोडते आणि डब्याच्या कडेने निघालेली काळी धार बोटांवरून मनगटाकडे, मनगटावरून कोपराकडे उतरते. उरलेली खालच्या आडव्या पट्टीवर, सायलेन्सरच्या पाइपावर आणि शेवटी जमिनीवर पडते. गॅरेजात अशा वेळी दोष ठरलेला असतो: पोरगं नवीन आहे, हाताला अजून वळण नाही. घरच्या घरी ऑइल बदलणारा स्वतःलाच बोल लावतो. या कामाबद्दल आजवर जे सांगितलं गेलं, त्यातलं बहुतेक हाताबद्दलच आहे: पाना असा धरा, चिंधी इथे ठेवा, घमेलं आधीच सरकवून ठेवा. मोटारीच्या वंगणाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. तेल सांडायचं की नाही, हे गाडीखाली झोपलेला माणूस ठरवत नाही. ते पुष्कळ आधी, इंजिनाचा आराखडा काढताना ठरलेलं असतं. ही घाण जेव्हा जेव्हा खरोखर कमी झाली, तेव्हा ती आराखडा बदलल्यामुळे कमी झाली. हात सुधारल्याने ती फार तर थोडी आवरली गेली.

मोटारीच्या अगदी सुरुवातीच्या काळात तेल बदलण्याचा प्रश्नच बऱ्याच इंजिनांत नव्हता, कारण तेल परत जमा होतच नसे. काचेच्या कुपीतून ते थेंब थेंब बेअरिंगवर पडे, एकदा वापरलं जाई आणि मग जळून धूर होई किंवा रस्त्यावर गळे. वंगण म्हणजे वाहून जाणारी वस्तू, हीच तेव्हाची समजूत होती. फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये आली आणि 1927 पर्यंत तिच्या दीड कोटीहून जास्त गाड्या बनल्या. तिच्यात तेल निदान इंजिनातच राहत असे. पण तिला तेलाचा पंप नव्हता, फिल्टर नव्हता आणि पातळी बघायची पट्टीही नव्हती. तेलात बुडून फिरणारं फ्लायव्हील ते उडवी आणि त्या शिंतोड्यांवर सगळं चाले. पातळी बघायची तर गाडीखाली सरपटत जायचं. तिथे खालीवर दोन छोट्या तोट्या होत्या. वरची उघडल्यावर तेल आलं तर भरपूर आहे, नाही आलं तर खालची उघडायची, तिच्यातूनही नाही आलं तर गाडी चालवायची नाही. म्हणजे तेल आहे की नाही हे कळावं म्हणूनच ते थोडं सांडावं लागत असे. एवढ्या मालकांनी वर्षानुवर्षं जमिनीवर जे थेंब पाडले त्यांना निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल. ती गाडी तपासायची पद्धतच तशी होती.

त्या काळचं तेल लवकर काळवंडे. सिलिंडरमधून काजळी आणि न जळलेलं पेट्रोल खाली उतरे, कच्च्या रस्त्यांची धूळ आत येई, घासलेल्या धातूचा कीस त्यात मिसळे, आणि अडवायला पंपाच्या तोंडाशी फार तर एक जाळी असे. त्यामुळे तेल वारंवार काढून टाकावं लागे. अर्नेस्ट स्वीटलँड हा कारखान्यांसाठी गाळणयंत्रं बनवणारा अमेरिकी माणूस. त्याच्या नावाचा फिल्टर प्रेस मोटारीच्या फिल्टरआधीच माहीत होता. 1923 मध्ये त्याने आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग याने मोटारीसाठी गाळणी तयार केली आणि तिला प्युरोलेटर असं नाव दिलं. 1924 मध्ये आलेल्या पहिल्या क्रायस्लर गाडीत दाबाने फिरणारं वंगण आणि ऑइल फिल्टर दोन्ही होते. ही गाळणी इंजिनाच्या मुख्य वाटेवर नव्हती. बहुतेक तेल थेट बेअरिंगकडे जाई, थोडंसंच बाजूच्या वाटेने गाळून इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये परत येई. तरी फरक मोठा पडला. तेल जास्त टिकू लागलं, म्हणजे ते काढून टाकायची वेळ कमी वेळा येऊ लागली. फिल्टर हाच मुळात घाण कमी करणारा शोध होता, हे विसरलं जातं. गोम अशी, की तेल स्वच्छ कसं ठेवायचं याचा विचार ज्या बारकाईने झाला, तितक्या बारकाईने गाळणी भरल्यावर ती रिकामी कशी करायची याचा झाला नाही.

1940च्या दशकात सगळं तेल गाळूनच पुढे पाठवणारी रचना रुळू लागली. आता फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडं पडेल, म्हणून दाब वाढला की आपोआप उघडणारी झडप आली. फिल्टर बहुधा एका भांड्यात असे: इंजिनाला टांगलेलं धातूचं भांडं, मधून आरपार जाणारा लांब बोल्ट आणि आत बदलायचं एलिमेंट. भारतात ही रचना आपल्या पिढ्यांनी अँबॅसडरमध्ये पाहिली. तिच्यातलं ब्रिटिश घराण्याचं पेट्रोल इंजिन याच पद्धतीचं होतं. मधला बोल्ट सुटताच काठोकाठ तेल भरलेलं भांडं हातात येतं. ते तिरपं न होऊ देता, स्प्रिंग, वॉशर आणि एलिमेंट सांभाळत खाली आणायचं, रॉकेलने धुवायचं, खाचेतली जुनी रिंग टोकदार वस्तूने उकरून काढायची आणि नवी नीट बसवायची. जुनी आत राहून तिच्यावर नवी बसली, तर इंजिन सुरू होताच दाबाने सगळं तेल बाहेर. या कामात तरबेज असलेले मिस्त्री होते, त्यांचा हात खरंच हलका होता. पण त्यांचं अर्धं कौशल्य भांडं न हिंदकळू देण्यात खर्च होत होतं.

फिरवून बसवायचा, सुटा, फेकून द्यायचा डबा 1950च्या दशकाच्या मध्याला आला. त्याचं श्रेय सहसा अमेरिकेतल्या विक्स कंपनीला आणि 1954 या वर्षाला दिलं जातं. भांडं, एलिमेंट, झडपा आणि रिंग सगळं एकाच पत्र्याच्या डब्यात. जुना फिरवून काढा, नव्याच्या रिंगेला तेलाचं बोट लावा, रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा हातानेच आवळा. तो जगभर पसरला. आपल्याकडे 1983च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती 800 ने तो घरोघर नेला. भांडं धुण्याचं काम संपलं, हरवणारे वॉशर संपले. हाताची घाण कमी झाली हे निर्विवाद, आणि ती हाताने काही नवं शिकल्यामुळे झाली नाही.

या डब्याने नवी घाण कशी आणली, तेही बघायला हवं, कारण इथेच मुद्दा उघड होतो. इंजिन बंद पडल्यावर फिल्टरमधलं तेल खाली उतरून गेलं, तर पुढच्या वेळी सुरू करताना बेअरिंगपर्यंत तेल पोचायला उशीर होतो. म्हणून, विशेषतः आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरच्या तोंडाशी, आतल्या बाजूने रबराची एक पातळ चकती लावतात. ती तेल परत जाऊ देत नाही. इंजिनासाठी ही चकती फार मोलाची आहे. पण तिच्यामुळेच रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचाही फिल्टर भरलेलाच राहतो, आणि तो आडवा बसवला असेल तर सुटताक्षणी तेल कडेने बाहेर येणार हे ठरलेलंच. आता त्याची जागा बघा. तेलाचा पंप खाली, तेलाच्या वाटा आखूड ठेवलेल्या बऱ्या, म्हणून फिल्टरही खाली, इंजिनाच्या कुशीत, बहुधा एखाद्या आडव्या पट्टीच्या किंवा गरम पाइपाच्या वर. कारखान्यात नवं, कोरडं इंजिन मोकळं उभं असताना फिल्टर बसवणाऱ्याला ती जागा सोयीचीच वाटते. गाडीत बसलेलं, तेलाने भरलेलं इंजिन आणि खालून घातलेला हात हे चित्र त्या वेळी समोर नसतं.

मग सुरू झाल्या युक्त्या, आणि त्या खरंच हुशारीच्या आहेत. इंजिन किंचित कोमट असताना आधी चेंबरचा नट काढून तेल पूर्ण निथळू द्यायचं. फिल्टर पाव फेरा सैल करून सोडून द्यायचा, धार थांबेपर्यंत हात लावायचा नाही. फिल्टरवर प्लास्टिकची जाड पिशवी चढवून पिशवीतच तो फिरवून काढायचा. घमेलं धारेच्या थेट खाली न ठेवता थोडं पुढे ठेवायचं, कारण दाबाने निघालेली पहिली धार लांब जाते आणि तेल संपत आलं की मागे सरकते. कापलेल्या बाटलीची किंवा ॲल्युमिनियमच्या जाड कागदाची पन्हळ करून पट्टीवर पडणारं तेल घमेल्यात वळवायचं. फिल्टर तोंड खाली करून उभा असेल तर वरच्या बुडाला टोच्याने भोक पाडायचं, म्हणजे हवा आत शिरते आणि तेल मुकाट खाली उतरतं. यातली प्रत्येक युक्ती उपयोगी आहे आणि करावीच. पण प्रत्येक युक्ती कशाची भरपाई करते ते बघा: पन्हळ मुळात नाही, हवा शिरायला वाट नाही, निथळायला वाट नाही. वापरणाऱ्यांनी दर वेळी हाताने जे बनवलं, ते एकदाच ओतीव धातूत बनवता आलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एकाच गाडीवर एक मिस्त्री थेंबही न पाडता काम करतो आणि दुसरा अंगण काळं करतो. म्हणजे फरक हाताचाच. हे निरीक्षण खरं आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे दाखवणारं उदाहरण मोटारीच्याच इतिहासात आहे. 1960 पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत क्रँककेसमधली वाफ आणि तेलाचा धूर बाहेर सोडायला खाली उघडणारी एक नळी असे. चालत्या गाडीखालची हवा तो धूर ओढून घेई आणि रस्त्याच्या प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध तेलाचा काळा ओघळ उमटत जाई. चढावर आणि सिग्नलपाशी तो जास्त गडद असे. त्या रस्त्यावरून उत्तम चालकही जात होते आणि वाईटही, पण ओघळ दोघांचा सारखाच होता. कॅलिफोर्नियाने धुराच्या प्रश्नामुळे 1961च्या मॉडेलपासून ही वाफ परत इंजिनात जाळणारी झडप आणवली आणि पुढच्या दोन वर्षांत ती अमेरिकेत सर्वत्र आली. एका छोट्या झडपेने जे केलं ते लाखो चालकांच्या काळजीने होण्यासारखं नव्हतं. फिल्टरच्या बाबतीत हाताला थोडा वाव आहे म्हणून आपण हाताकडे बघत बसतो, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. दोनचार चमचे तेल सांडलं, त्याचं एवढं काय? याचं पहिलं उत्तर कातडीचं आहे. ब्रिटनच्या लँकेशायरमध्ये सूतगिरण्यांत सूत कातणाऱ्या म्यूल यंत्रावर काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर चात्यांचं खनिज तेल रोज उडत असे. तेही थोडंथोडंच होतं. त्यातून त्यांना होणारा अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदला गेला आणि 1922 मध्ये मँचेस्टरच्या साउदम आणि विल्सन या दोघांनी तो रुग्णांच्या नोंदींवरून पुढे मांडला. कामगारांच्या स्वच्छतेची आणि तपासणीची चर्चा दीर्घकाळ चालली. 1953च्या नियमांनी मात्र तेलच बदललं: चात्यांना वापरायचं तेल कोणत्या शुद्धतेचं असावं हे बांधून दिलं. इंजिनात जळलेल्या तेलात तर काजळीबरोबर आलेली, चात्यांच्या तेलातल्या घातक रसायनांच्याच कुळातली रसायनं साठतात, आणि ते तेल ज्याच्या कोपरावरून रोज पाचदहा वेळा ओघळतं त्या गॅरेजातल्या मुलाच्या बाबतीत चमचे मोजणं गैर आहे. वर्षानुवर्षांच्या ओघळांची बेरीज करायला हवी.

दुसरं उत्तर जमिनीचं. अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगतं की एक गॅलन जुनं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. तरीही 1963 मध्ये पॉप्युलर सायन्ससारखं मातबर मासिक वाचकांना घरच्या जुन्या तेलासाठी अंगणात खड्डा खणून, खडी भरून, त्यात तेल ओतून वर माती टाकायचा सल्ला देत होतं. जमीन तेल पिते म्हणजे तेल नाहीसं होतं, ही समजूत तेव्हा शिकलेल्या माणसांचीही होती. धूळ बसावी म्हणून कच्च्या रस्त्यांवर जुनं तेल फवारणं हाही रीतसर धंदा होता. मिसुरी राज्यातल्या टाइम्स बीच गावाने 1970च्या दशकात असंच तेल फवारून घेतलं. त्या तेलात एका रसायन कारखान्याचा डायॉक्सिनयुक्त गाळ मिसळलेला होता. 1982 संपता संपता पूर आणि तपासणीचे निकाल एकदमच आले, आणि 1983 मध्ये सरकारने सगळं गावच विकत घेऊन रिकामं केलं. फिल्टर बदलताना सांडलेलं तेल आणि टाइम्स बीच एका मापाचे नाहीत हे मान्य. पण वापरलेलं तेल कुठल्या हातातून कुठे जातं हे कुणी विचारायचंच नाही, ही सवय दोन्हींकडे एकच आहे.

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. इंजिनाच्या कप्प्यात बोटभर जागा मिळत नाही, प्रत्येक जादा वाहिनी म्हणजे जादा ओतकाम, जादा वजन, जादा खर्च. मग वर्षातून एकदोनदा होणाऱ्या कामासाठी एवढं का करावं? याला तर्काने उत्तर द्यायची गरज नाही, कारण ते करून दाखवलेलं आहे. 1990च्या दशकात मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या अनेक इंजिनांत फिल्टर वर, उभा आणि झाकणाच्या आत गेला. झाकण फिरवून एलिमेंट जरा वर उचललं की खालचं छिद्र मोकळं होतं आणि भांड्यातलं तेल आपोआप चेंबरमध्ये उतरतं. हात तेलात बुडतच नाही, आणि फेकायचा असतो तो नुसता कागद, पत्रा वाचतो. हे जुनंच भांडं आहे, फक्त उलटं केलेलं आणि विचार करून छिद्र पाडलेलं. सुबारूने आपल्या नव्या आडव्या इंजिनात पत्र्याचाच डबा ठेवला, पण तो वर आणला आणि त्याच्याभोवती ओघळ अडवणारी वाटी ओतली. टोयोटाच्या काही इंजिनांत फिल्टर खालीच राहिला. तिथे झाकणाच्या तळाशी छोटी झडप दिली, तिच्यात नळी खुपसली की तेल नळीतून थेट भांड्यात उतरतं. होडीच्या इंजिनाखाली तर माणूस शिरूच शकत नाही, म्हणून तिथलं तेल पातळीच्या पट्टीच्या नळीतून पंपाने ओढून घेण्याची रीत जुनी आहे. जिथे सांडणं परवडत नव्हतं तिथे वाट सापडली. बाकी ठिकाणी सांडण्याचा खर्च गाडी बनवणाऱ्याच्या वहीत येतच नव्हता, तो फरशीवर आणि कोपरावर जात होता.

आपल्याकडून एक वेगळाच आक्षेप येऊ शकतो: इथे तेल वाया कोण घालवतं? महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात जळक्या ऑइलचं पिंप कोपऱ्यात असतं आणि ते विकत नेणारा ठरलेला असतो. बांधकामाच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते लागतं, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लागतं, भट्टीत जळतं, आणि काही भाग शुद्ध होऊन परत बाजारात येतो. हा मुद्दा माझ्या बाजूचाच आहे. तेलाला गिऱ्हाईक असल्यामुळे चेंबरच्या नटाखाली घमेलं न चुकता लागतं. तिथली धार सरळ, एकाच जागी आणि सगळी मोजून मिळणारी आहे. फिल्टरच्या तोंडाची धार पसरट, थोडी आणि पट्टीवरून वाट फुटून येणारी, म्हणून ती फरशीवर जाते. एकच माणूस, एकच हात, एकच दिवस. नटाखालची जागा कोरडी आणि फिल्टरखालची काळी, याचा उलगडा हाताच्या वळणाने होत नाही. शिवाय फळ्यांना आणि दारांना फासलेलं तेल शेवटी पावसाने धुऊन मातीतच जातं. विकलं गेलं म्हणजे मार्गी लागलं, असं नाही.

नटाखालचं तेल आणि फिल्टरमधलं तेल यांतला फरक कायद्यांनीही वेगवेगळ्या देशांत वेगवेगळा पाहिला आहे. अमेरिकेने 1992 मध्ये ठरवलं की वापरलेला फिल्टर गरम असताना, बुडाला किंवा आतल्या रबरी चकतीला भोक पाडून किंवा चेपून नीट निथळवला, तर त्याला घातक कचरा समजायचं नाही. निथळायला बारा तास द्यावेत अशी तिथली शिफारस आहे. जर्मनीने 1968 मध्ये जुन्या तेलाचा कायदा केला आणि नंतरच्या नियमांनी दुकानदाराला बांधून घातलं: जितकं नवं तेल विकलं तितकं जुनं फुकट परत घ्यायचं, आणि त्याबरोबर फिल्टर आणि ऑइल बदलताना निघालेल्या तेलकट चिंध्याही. फिल्टरचं नाव त्या नियमात आहे. भारतात घातक कचऱ्याच्या नियमांतल्या 2023च्या दुरुस्तीने तेल विकणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाची जबाबदारी टाकली आणि 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली. हे फार आवश्यक पाऊल होतं. त्या जबाबदारीचा हिशेब मात्र पिंपातल्या तेलाचा आहे. काढलेला फिल्टर, पोटात तेल घेऊन, तोंड वर किंवा आडवा जसा पडेल तसा भंगाराच्या पोत्यात जातो आणि पोतं जिथे ठेवतात तिथली जमीन काळी होत राहते. घमेल्यावर जाळी टाकून त्यावर फिल्टर रात्रभर पालथा ठेवण्याचं काम आजही कुणाच्या तरी आठवणीवर सोडलेलं आहे, आणि त्याच्या शेजारच्या गाडीत नवा फिल्टर पुन्हा त्याच आडव्या पट्टीच्या वर बसतो आहे.